पान तुटल्यावर धावणारा तो हिरवा उजेड कसला? पिकांच्या आतल्या धोक्याच्या निरोपाची गोष्ट

काळ्या पडद्यावर एक इवलंसं रोपटं. सुरवंट त्याचं एक पान देठाजवळ कुरतडतोय. पान तुटतं आणि त्याच जागेवरून हिरवट उजेड शिरांमधून धावत सुटतो. मिनिट-दोन मिनिटांत तो लांबच्या पानांपर्यंत पोहोचतो, ज्यांना सुरवंटानं तोंडही लावलेलं नाही.

हा व्हिडिओ तुमच्या फोनवर कधी ना कधी आला असेल. सोबत बहुतेकदा एक ओळ असते, 'झाडांनाही वेदना होतात!'

व्हिडिओ खरा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात मासात्सुगु तोयोता आणि सायमन गिलरॉय यांच्या गटानं तो टिपला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध आला. वेदनेची ओळ मात्र नंतर कुणीतरी चिकटवलेली आहे. झाडाला मेंदू नसतो, चेतापेशीही नसतात. व्हिडिओत दिसतो तो एक निरोप. अशाच निरोपावर भाताचं रोप खाऱ्या मातीत तगणार की करपणार, हेही बरंचसं ठरतं.

उजेड नेमका कशाचा?

'झाडातलं कॅल्शियम चमकतंय' असंही काही पोस्टमध्ये लिहिलेलं असतं. कॅल्शियम स्वतः चमकत नाही. या रोपात शास्त्रज्ञांनी एक जोड-प्रथिन घातलं होतं. त्याचा एक भाग जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन आणि दुसरा भाग कॅल्मोड्युलिन. कॅल्मोड्युलिनचं काम कॅल्शियम पकडणं. त्यानं कॅल्शियम पकडलं की त्याचा आकार बदलतो आणि शेजारचा जेलीफिशचा तुकडा चमकू लागतो. म्हणजे आपण बघतो ती कॅल्शियम पकडलेल्या प्रथिनांची लाट.

ही युक्ती त्याआधीही वापरली गेली होती. १९९१ मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी जेलीफिशचंच दुसरं एक प्रथिन, एक्वोरिन, तंबाखूच्या रोपात घातलं. रोपाला हात लावला, गार पाणी दिलं, तर अगदी अंधुक उजेड बाहेर पडला. झाडाला थंडी कळल्याचा निरोप काही सेकंदांत पेशीच्या आत पोहोचतो, हे तेव्हा थेट मोजता आलं.

निरोप्या म्हणून कॅल्शियमच का?

कारण पेशीला ते आत नकोच असतं. पेशीरसात कॅल्शियम फार वाढलं तर ते फॉस्फेटला चिकटून साका धरतं, आणि पेशीचा सगळा ऊर्जेचा व्यवहार तर फॉस्फेटवर चालतो. म्हणून पेशी कॅल्शियम सतत उपसून बाहेर टाकते, नाहीतर आतल्या रिक्तिकेत कोंडून ठेवते. परिणामी बाहेर आणि आत साधारण दहा हजार पटींचा फरक राहतो.

आता विचार करा. एवढा दाब असलेल्या भिंतीत क्षणभर एक बारीक खिडकी उघडली तर? कॅल्शियम आत मुसंडी मारतं. चूळभरसुद्धा नसेल, पण ज्या घरात एरवी थेंबही नसतो तिथं तेवढ्यानंही खळबळ उडते. खिडकी लगेच बंद होते, उपसा पुन्हा सुरू होतो आणि निरोप संपतो.

अडचण अशी, की थंडी असो, मीठ असो, दुष्काळ असो वा कीड, बहुतेक वेळा घंटा हीच वाजते. मग रोपाला कळतं कसं, की कशासाठी वाजली? शास्त्रज्ञांचा एक गट म्हणतो की कॅल्शियम किती वाढलं, किती वेळ राहिलं, किती वेळा चढलं-उतरलं यात संकटाची सही असते. दुसरा गट म्हणतो, कॅल्शियम हे फक्त बटण आहे, खरी माहिती इतर रेणूंकडे असते. वाद मिटलेला नाही. पण ती घंटा ऐकून कामाला लागणारी प्रथिनं महत्त्वाची, यावर दोघांचंही एकमत आहे.

माशात सापडलेली पकड

कॅल्शियम पकडणाऱ्या या प्रथिनांमधली जागा पहिल्यांदा दिसली ती झाडात नाही, कार्प माशाच्या स्नायूत. १९७३ मध्ये रॉबर्ट क्रेट्सिंगर आणि क्लाइव्ह नॉकोल्ड्स यांनी त्या माशातल्या एका प्रथिनाची रचना उलगडली. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ताणून धरा. अंगठा एक मळसूत्र, तर्जनी दुसरं, आणि मधल्या बेचक्यात बारा अमिनो आम्लांचं वळण. कॅल्शियम तिथं बसतं. मळसूत्रांना त्यांनी ए, बी, सी अशी अक्षरं दिली होती. ही जोडी ई आणि एफची, म्हणून नाव पडलं 'ईएफ हँड'. नावात याहून खोल काही नाही.

हीच पकड माणसात आहे, बुरशीत आहे, भातात आहे. कॅल्मोड्युलिनमध्ये असे चार हात असतात आणि झाडांचं कॅल्मोड्युलिन तुमच्या-आमच्या शरीरातल्या कॅल्मोड्युलिनशी जवळपास नव्वद टक्के जुळतं. झाडांनी मात्र यात बरीच भर घातली. त्यांच्याकडे कॅल्मोड्युलिनसारखी दिसणारी डझनावारी प्रथिनं आहेत. शिवाय सीबीएल नावाचं घराणं आहे, जे निरोप वाचून सीआयपीके नावाच्या जोडीदाराला कामाला लावतं. आणि सीडीपीके आहेत, ज्यांना जोडीदारही लागत नाही. निरोप वाचणारं डोकं आणि काम करणारे हात एकाच प्रथिनात. सीडीपीके प्राण्यांमध्ये नाहीत, पण मलेरियाच्या परजीवीत आहेत. म्हणून मलेरियाच्या औषधांवर काम करणाऱ्यांचाही त्यांच्यावर डोळा आहे.

मिठाचा निरोप कोण वाचतं?

अ‍ॅराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं एक किरकोळ तण. वैद्यक संशोधनात उंदराला जो मान, तो वनस्पतिशास्त्रात याला. व्हिडिओतलं रोपटंही हेच. १९९० च्या दशकात अ‍ॅरिझोना विद्यापीठात जियान-कांग झू यांच्या प्रयोगशाळेनं याची अशी रोपं शोधली जी एरवी ठणठणीत, पण थोडं मीठ लागलं की मान टाकायची. त्यांना नाव दिलं 'सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह', थोडक्यात एसओएस.

त्यातल्या तिसऱ्या प्रकारच्या रोपात बिघाड कुठे होता ते १९९८ मध्ये कळलं. एका जनुकातली फक्त नऊ अक्षरं गळाली होती. त्यामुळे प्रथिनातली तीन अमिनो आम्लं कमी झाली आणि कॅल्शियम पकडणाऱ्या हाताची पकडच ढिली पडली. मीठ आल्याचा निरोप येत होता, वाचणारा अधू होता. पाण्यात कॅल्शियम भरपूर वाढवलं की हे रोप थोडंफार सावरायचंसुद्धा. पकड ढिली असली तरी समोर ढीग असला की काहीतरी हाताला लागतंच!

पुढच्या काही वर्षांत पूर्ण साखळी समोर आली. मुळाला मीठ लागतं, पेशीत कॅल्शियम शिरतं, एसओएस-३ ते पकडतं. या प्रथिनाला मेदाम्लाची एक शेपटी असते. त्या शेपटीनं ते पेशीपटलाला चिकटतं आणि जाताना एसओएस-२ ला सोबत घेऊन जातं. एसओएस-२ तिथल्या एसओएस-१ या पंपाला फॉस्फेट जोडतं. पंप सुरू होतो आणि सोडियम बाहेर फेकलं जातं. वर सांगितलेल्या घराण्यांच्या भाषेत एसओएस-३ हे सीबीएल आणि एसओएस-२ हे सीआयपीके.

हे तणापुरतंच आहे का, हा रास्त प्रश्न होता. २००७ मध्ये भातातले हेच तीन भाग तपासले गेले. भाताची प्रथिनं अ‍ॅराबिडॉप्सिसच्या जोडीदारांसोबतही काम करत होती. दोन्ही वनस्पतींचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, पण मिठाविरुद्धची ही व्यवस्था तीच राहिली.

कोकणात आणि गोव्यात हा विषय पुस्तकी नाही. भरतीचं पाणी शिरणाऱ्या खार जमिनीत भात लावायचा तर आधी पावसानं मीठ धुऊन जावं लागतं. मध्येच पावसानं ओढ दिली की खालचं मीठ पुन्हा वर येतं, आणि भात मिठाला सर्वात नाजूक असतो तो रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात. गोव्याच्या खाजन शेतीत बांधाला 'मानस' असतं, म्हणजे ओहोटीला पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला मिटणारं दार. एसओएस-१ हे पेशीचं मानस म्हणता येईल. फरक इतकाच की इथे ओहोटीची वाट बघायची सोय नाही. बाहेर सोडियम जास्त असतानाच ते आतून ढकलायचं असतं, आणि त्यासाठी रोपाला ऊर्जा खर्चावी लागते. पीक कमी येण्याचं एक कारण हेही.

आणि थंडीचं काय?

२०१५ मध्ये चिनी विज्ञान अकादमीच्या संशोधकांनी भातात कोल्ड-१ नावाचं जनुक शोधलं. त्याचं प्रथिन थंडी पडताच पेशीत कॅल्शियम आत येण्याची सोय करतं. थंड प्रदेशात पिकणाऱ्या जॅपोनिका भातात या जनुकातलं एक अक्षर वेगळं आहे आणि त्यामुळे तो गारठा सोसतो. आपल्याकडे मुख्यतः इंडिका भात. पूर्व विदर्भात उन्हाळी भाताची रोपवाटिका ऐन थंडीत टाकणाऱ्यांना रोपं पिवळी पडून खुंटण्याचा अनुभव असतो.

एवढं कळलंय, तर बियाणं कुठाय?

प्रयोगशाळेत यश मिळालेलं आहे. जपानमध्ये २००० साली भातात एका सीडीपीकेचं प्रमाण वाढवलं, तेव्हा रोपं थंडी आणि मीठ-दुष्काळ दोन्हींत जास्त तगली. पण कुंडीतून शेतात जाताना गाडी अडते. धोक्याची घंटा कायम वाजत ठेवली तर रोप वाढायचं सोडून बचावातच गुंततं. शिवाय एकेक प्रथिन पाच-दहा कामांत असतं, एक खेचलं की दुसरीकडे काहीतरी सैल होतं.

शेतापर्यंत जे आलंय ते दुसऱ्या वाटांनी. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल १, २ आणि ३ या जाती किंवा गोव्याचा जुना कोरगुट हे निवडीतून आणि संकरातून आलेले आहेत. जगभर खारफुटीच्या भातासाठी आधार घेतला जातो तो केरळच्या पोक्काळीचा. तिथला वाटा उचलणारं एक जनुक सोडियमची ने-आण करतं, कॅल्शियम पकडत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलेल्या जनुक-संपादित पुसा डीएसटी राइस १ मध्येही रोपाच्या सहनशक्तीला लावलेला एक ब्रेक काढला आहे. तेही कॅल्शियमचं प्रथिन नाही.

मग कॅल्शियम फवारलं तर?

रील्समध्ये हा दावा सर्रास दिसतो. कॅल्शियम हा निरोप, म्हणून फवारा मारला की पीक सावध. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. निरोपाला लागणारं कॅल्शियम पेशीच्या दारातच असतं, अडतं ते दार कधी उघडायचं आणि आत कोण वाचायचं यावर. क्षारपड किंवा चोपण जमिनीत जिप्सम टाकतात, त्याचा फायदा खरा आहे, पण तो मातीत होतो. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सोडवतं आणि मग ते पाण्याबरोबर निचऱ्यातून वाहून जातं. निचरा नसेल तर जिप्समही वाया. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेव्हा फळात कॅल्शियम कमी पडलेलं असतं हेही खरं, पण अनेकदा जमिनीत ते पुरेसं असतं. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, अशा पाळ्यांमुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. पानांवर मारलेलं कॅल्शियम तर पानातून फळाकडे जवळजवळ सरकतच नाही, त्यामुळे अशा वेळी आधी बघायचं ते ठिबकचं वेळापत्रक.