पसारा आवरणारे गणित

गोरेगावच्या चित्रनगरीत पूर्वी चित्रे फिल्मवर उमटत. आज ती अंकांत साठवतात. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला अशी २४ चित्रे! हा पसारा आवरायचा कसा?

उत्तर या चित्रनगरीहून जुने आहे. बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांनी १९७२ साली अमेरिकेत कोसाइन रूपांतराची कल्पना मांडली. तिच्यासाठी मागितलेले अनुदान नाकारले गेले. तरीही नटराजन व राव यांच्यासह त्यांनी १९७४ साली निबंध प्रसिद्ध केला. १९९२ सालच्या जेपेगने हेच तत्त्व घेतले. चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातील उजेडाचे संथ व जलद चढउतार वेगळे करायचे आणि डोळ्यांना फारसे न जाणवणारे चढउतार ढोबळ अंकांत मांडायचे. २०१० चे वेबपी आणि २०१९ चे एव्हिफ यांतही हे रूपांतर आहेच.

विद्यार्थ्यांकडून कमांड लाइनवर 'सीवेबपी' चालवून घ्या. गुणवत्तेचा आकडा ९०, ५०, १० असा उतरवत न्या. फाइल लहान होईल, तशा चित्रातील कडा बिघडतील. गाळलेले मात्र परत मिळत नाही. म्हणून शाळेची जुनी छायाचित्रे लहान करताना मूळ प्रत जपून ठेवावी.