सुजलेली पोटरी, पॅरिसचा डॉक्टर आणि मावशीचं इंजेक्शन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाची ही ट्रान्सक्रिप्ट. माझे "अं" आणि "म्हणजे" काढून टाकलेत.

गेल्या वर्षी माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला. तिसऱ्या केमोनंतर तिची डावी पोटरी सुजली. घरात सगळे म्हणाले, बसून बसून आलीय, तेल लावून चोळ. मीही तेच म्हणालो. चार दिवसांनी डॉप्लर केली, तर शिरेत रक्ताची गुठळी. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो, आणि आम्ही चोळायला सांगत होतो!

मला कळेना, कॅन्सर छातीत आणि गुठळी पायात, संबंध काय? मी कोड लिहिणारा माणूस. दोन बग एकदम दिसले की आधी जुने लॉग उघडतो. इथला लॉग निघाला १८६५ चा.

पॅरिसमधल्या ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयात आर्मां ट्रूसो नावाचे डॉक्टर शिकवायचे. त्या वर्षीच्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं, की कॅन्सरच्या रुग्णांचे पाय कधीकधी पांढरे पडून सुजतात, दुखतात, कारण त्यांचं रक्तच गोठण्याकडे झुकलेलं असतं. पुढे जाऊन ते म्हणाले, पोटाचं दुखणं कॅन्सरचं आहे की नाही अशी शंका असेल, तर अशी गुठळी ती शंका मिटवते. सोनोग्राफी नव्हती, स्कॅन नव्हता. डोळे, बोटं आणि आठवण एवढ्यावर काढलेला निष्कर्ष.

१८६७ च्या जानेवारीत ट्रूसोंना स्वतःलाच ती सूज आली. आधीपासून पोटाची तक्रार होतीच. आपल्या विद्यार्थ्याला त्यांनी सांगून टाकलं, की आता माझं काही खरं नाही. जूनमध्ये ते पोटाच्या कॅन्सरने गेले. स्वतः लिहिलेला नियम स्वतःवर चालवून बघायचा, आणि तो बरोबर निघायचा. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बाल्कनीत उभा राहिलो.

१८७८ मध्ये बिलरोथ या सर्जनला गुठळीच्या आतच कॅन्सरच्या पेशी सापडल्या. पण रक्त गोठतं कसं, हेच तेव्हा नीट माहीत नव्हतं. त्याचा स्पष्ट आराखडा आला १९६४ मध्ये. इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन, अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ, दोन्हीकडे एकाच वर्षी. एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि प्रत्येक पायरीवर वेग वाढतो. शेवटी थ्रोंबिन तयार होतं, ते फायब्रिनोजेनला कापतं आणि फायब्रिनचं जाळं विणलं जातं. एकाने दुसऱ्याला ट्रिगर करायचं, आमच्याकडे असतं अगदी तसं.

ही साखळी सुरू करणारं बटण म्हणजे टिश्यू फॅक्टर. एरवी ते रक्तवाहिनीच्या बाहेर असतं. जखम झाली की रक्ताला भेटतं, म्हणून रक्त थांबतं. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी हेच प्रथिन स्वतःच्या अंगावर मिरवू शकतात. जखम नाही, तरी बटण दाबलेलं.

त्यातून पेशींना काय मिळतं? बॉस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये एक लेख लिहिला. म्हणणं असं, की गाठ म्हणजे न भरणारी जखम. गाठीतल्या वाहिन्या गळक्या असतात, त्यातून फायब्रिनोजेन बाहेर झिरपतं, गोठतं, आणि त्या जाळ्यावर नव्या रक्तवाहिन्या चढतात, मांडवावर वेल चढावी तशा. शिवाय थ्रोंबिन पेशीवरचे स्विच दाबून तिला हलायला, पसरायला सांगतं. म्हणजे गुठळी हा नुसता साइड इफेक्ट नाही. आजार ती कामाला लावतो.

मग रक्त पातळ केलं की कॅन्सर बरा? मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. १९९४ मध्ये स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या आणि केमो सुरू असलेल्या ३११ बायकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अगदी कमी डोसचं वॉरफरिन घेणाऱ्यांपैकी एकीला गुठळीचा त्रास झाला, नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी सात जणींना. पण जगण्याच्या काळात फरक दिसला नाही. गुठळी टळली, कॅन्सर तिथेच. त्यात केमोनेही गुठळीचा धोका वाढतो आणि टॅमॉक्सिफेनच्या गोळीनेही, म्हणून गुठळीकडे वेगळं लक्ष ठेवावंच लागतं.

मावशीला पोटात टोचायची हेपॅरिनची इंजेक्शनं दिली. रोज संध्याकाळी मीच टोचायचो. पहिल्या आठवड्यात माझाच हात थरथरायचा. मावशी माळकरी. एकदा म्हणाली, "हे कशापासून करतात रे?" मी वाचलं होतं, डुकराच्या आतड्यापासून. मी म्हणालो, "फॅक्टरीत करतात," आणि विषय बदलला.

या भागाच्या तयारीत ते लपवणं जमेना, म्हणून मागच्या रविवारी तिला खरं सांगितलं. तिने माळेला हात लावला, थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "औषध होतं, घेतलंच असतं मी. पण तेव्हा विचारलं होतं ना तुला?"

पाय आता उतरलाय. माझ्याशी बोलते, पण अजून थोडं तुटक.