‘मागासलेला’ हा शब्द



आपल्या बुलढाणे जिल्ह्याविषयी चार माणसे बोलू लागली की ‘मागासलेला’ हा शब्द आल्यावाचून राहत नाही. तो अहवालांत असतो, सभांतील मागण्यांत असतो, आणि आपणही तो थोड्या खंतीने, थोड्या हक्काने उच्चारतो. परंतु हा शब्द वर्णन नव्हे, रूपक आहे. मागे राहण्यासाठी आधी रस्ता असावा लागतो, त्या रस्त्याला एकच दिशा असावी लागते, आणि पुढे कोणी तरी चाललेला असावा लागतो. या तीनही गोष्टी आपण न तपासता मान्य करून टाकतो.

उपमा आणि रूपक यांतला भेद शाळेत आपण सर्वच शिकलो. मुख चंद्रासारखे आहे असे म्हटले की ‘सारखे’ हा शब्द पहाऱ्यावर असतो. मुखचंद्र म्हटले की पहारेकरी रजेवर गेला! काव्यात त्याने फारसे बिघडत नाही, तत्त्वचिंतनात बिघडते. आधुनिकतेचा विचार तर बव्हंशी रूपकांतूनच झालेला आहे. कांटने १७८४ साली प्रबोधनाची व्याख्या केली, ती माणसाने स्वतःच लांबवलेल्या अज्ञानदशेतून, म्हणजे बालपणातून, बाहेर पडणे अशी. मार्क्सने १८५० साली क्रांतीला इतिहासाचे इंजिन म्हटले. आपल्याकडे उजेडाची आवड अधिक. ‘दर्पण’ १८३२ चे, ‘प्रभाकर’ १८४१ चे, ‘ज्ञानोदय’ १८४२ चे, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ चे. नुसती नावे वाचली तरी आरशापासून सूर्यापर्यंतचा प्रवास दिसतो. त्या माणसांचे ऋण मोठेच आहे. पण उजेड आणणारा एकदा ठरला की अंधार कोणाच्या घरी, हेही आपोआप ठरून जाते.

आता रस्त्याच्या रूपकाची परीक्षा आपल्याच भूमीवर घेऊ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोचला आणि १८७० साली जलंबपासून खामगावापर्यंत सुमारे आठ मैलांचा फाटा खास कापसासाठी झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावी आले होते. म्हणजे हिंदुस्थानातील कितीतरी मोठ्या गावांच्या आधी आपली बाजारपेठ इंग्लंडच्या गिरण्यांशी रुळांनी जोडली गेली होती. रस्त्याच्या हिशेबाने आपण तेव्हा मागे नव्हतो, चांगले पुढे होतो.

मग झाले काय? ज्वारीच्या शेतात कापूस आला, कापसाबरोबर सावकाराची वही आली, आणि घरचा दाणा बाजाराच्या भावावर गेला. १८९९–१९०० च्या दुष्काळात धान्य गाडीने आणता येत होते. ते घेण्यास मजुराच्या गाठी पैसा नव्हता. गाडी चुकल्यामुळे हे घडले असे कोण म्हणेल? गाडी तर दाराशी उभी होती. (जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बुलढाण्यास मात्र आजही स्टेशन नाही, ही गोष्ट वेगळी.)

त्याच अमेरिकन युद्धातून महाराष्ट्रातील एका विचारवंताने निराळेच रूपक उचलले. ज्या युद्धाने आपल्याला कापसाचा भाव दिला, त्याच युद्धाने तिकडची गुलामगिरी संपवली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथाचे नाव ‘गुलामगिरी’ ठेवले आणि तो अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांस अर्पण केला. रस्त्याच्या रूपकात मागे पडलेला स्वतःच दोषी ठरतो, कारण त्याचे पाय मंद. बेडीच्या रूपकात प्रश्न पायांचा राहत नाही; बेडी कोणी घातली, असा होतो. पुढे १८८३ साली त्यांनी शेतकऱ्याच्या हातचा असूडच पुस्तकाच्या नावात आणला.

अलीकडे आपल्या बोलण्यात तिसरे रूपक आले आहे, ते हिशेबाचे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीच्या १९८४ च्या अहवालाने ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भात घरोघर नेला. राज्याची सरासरी धरावयाची आणि रस्ते, पाटबंधारे यांत जिल्हा तिच्याखाली किती, ते मांडावयाचे. मला हे रूपक ‘मागासलेला’पेक्षा बरे वाटते. मागासलेला विनवणी करतो, येणेकरी मागणी करतो. मात्र ही वही फार उशिरा उघडली गेली. १८७० पासून खामगावहून जलंबमार्गे गेलेल्या गाठी तिच्यात कोठेच मांडलेल्या नाहीत.