ग्लायसेमिक निर्देशांक आणि कर्करुग्णाचा आहार

कर्बोदके असलेला पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील ग्लुकोज किती चढते, याचे तुलनात्मक माप म्हणजे ग्लायसेमिक निर्देशांक. टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८१ मध्ये मांडले. ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदके मिळतील इतका पदार्थ निरोगी माणसाला उपाशीपोटी देतात, दोन तास रक्तशर्करा तपासतात आणि शुद्ध ग्लुकोजला १०० धरून तुलना करतात. ५५ पर्यंतचा अंक कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० पासून पुढचा जास्त समजतात. मधुमेहींच्या आहारासाठी निघालेले हे माप आता कर्करोगाच्या पथ्यातही आले असून ‘साखरेवर गाठ वाढते’ या समजुतीला त्याचा आधार दिला जातो. बीड जिल्ह्यातील कडा (ता. आष्टी) हे अहिल्यानगर–बीड रस्त्यावरचे, अवर्षणप्रवण भागातले गाव. तिथल्या ज्वारी-बाजरी, कडधान्ये आणि दूध यांवर उभ्या असलेल्या ताटाकडे पाहिले, तर या मापाचा खरा उपयोग आणि त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. कर्करुग्णाच्या बाबतीत पोटभर आणि प्रथिनयुक्त अन्न ही पहिली कसोटी, निर्देशांक ही दुसरी.

समजुतीच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे. कर्कपेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ग्लुकोज अफाट वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोजसदृश द्रव्य टोचून गाठ शोधतात, ते याच गुणामुळे. पण यावरून साखर तोडली की गाठ उपाशी मरते, असा निष्कर्ष निघत नाही. रक्तातील ग्लुकोज ठरावीक पातळीच्या खाली जाऊ न देणे हे यकृताचे काम आहे. अन्नातून ते आले नाही, तर स्नायूंतील प्रथिने मोडून यकृत ते तयार करते. गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो आणि झिजतो तो रुग्ण.

निर्देशांकाच्या बाजूने सर्वाधिक सांगितला जाणारा पुरावा अमेरिकेतला आहे. तिसऱ्या टप्प्यातील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सुमारे एक हजार रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहाराचा ग्लायसेमिक भार, म्हणजे निर्देशांक आणि कर्बोदकांचे प्रमाण यांचा एकत्रित हिशेब, जास्त होता, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. जादा वजनाच्या रुग्णांत हा संबंध ठळक होता. हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही, परंतु तो निरीक्षणात्मक आहे. आहार बदलल्यानेच रोग टळला, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय तो ज्या रुग्णांचा आहे, त्यांची स्थिती वेगळी आहे. कड्यापासून फार दूर नसलेल्या बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. गर्भाशयमुख, तोंड आणि अन्ननलिका यांचे कर्करोग या ग्रामीण भागात महत्त्वाचे ठरले आहेत. तोंडाच्या व अन्ननलिकेच्या रुग्णाला घास गिळणेच अवघड जाते. जादा वजनापेक्षा वजन उतरणे हीच त्याची चिंता असते.

म्हणून युरोपीय वैद्यकीय पोषणसंस्थेच्या मार्गदर्शक सूत्रांत कर्करुग्णासाठी दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि एक ग्रॅमहून अधिक, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने सुचवली आहेत. ५० किलोच्या रुग्णाला हे १,२५० ते १,५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने इतके होते. हा आकडा गाठायला मटकी-मुगाची उसळ, हुलग्याचे माडगे, पिठले, शेंगदाण्याचा कूट, दूध-दही आणि चालत असल्यास अंडी पुरेशी उपयोगी पडतात. कडधान्ये, शेंगदाणे आणि दूध यांचा निर्देशांक कमीच असतो. भाकरीसोबत आमटी-उसळ खाल्ली की साऱ्या जेवणाची साखर सावकाश चढते. उलट साबुदाण्यात प्रथिने नगण्य असतात. गुळाला साखरेहून निर्धोक समजतात, पण तोही मुख्यत्वे साखरच आहे.

येथे आक्षेप येतो की मऊ शिजवलेल्या, घोटलेल्या अन्नाचा निर्देशांक वाढतो, मग ज्वारीच्या कण्या किंवा गुरगुट्या खिचडीचे काय? वाढतो हे खरे. तरीही केमो किंवा शेकामुळे तोंड सोलवटले असेल, तर कोरडी बाजरीची भाकरी टोचते आणि ताट तसेच परत जाते. न खाल्लेल्या पदार्थाचा निर्देशांक कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग शून्य. अशा वेळी कण्यांत दूध, खिचडीत जास्त मूगडाळ आणि तूप घालणे हाच मार्ग. पांढऱ्या पेशी घटल्या असतील, तर कच्ची मोड आलेली कडधान्ये टाळून ती नीट शिजवून द्यावीत. दुसरा आक्षेप असा, की साखर सोडल्याने नुकसान काय? सरबत, मिठाई, बिस्किटे सोडण्याने काहीच नाही. नुकसान होते ते साखरेच्या भीतीपोटी भात, भाकरी, फळे आणि दूधही सुटते तेव्हा. वजन घटले की औषधाची मात्रा कमी करावी लागू शकते किंवा उपचार लांबू शकतो.

निर्देशांक खरोखर कामाचा ठरतो तो मधुमेह असलेल्या, केमोसोबत डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड घेणाऱ्या आणि उपचारानंतर वजन वाढलेल्या रुग्णांना. स्टिरॉइडमुळे मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते, तेव्हा भात कमी करून उसळ वाढवणे शहाणपणाचे. उपचार संपल्यावरही वजन आटोक्यात ठेवणे हिताचे असते, कारण स्थूलतेचा गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनांच्या कर्करोगाशी संबंध आहे. मात्र कोणत्याही आहाराने गाठ बरी होत नाही. शस्त्रक्रिया, केमो व किरणोपचार यांची जागा पथ्य घेऊ शकत नाही. घरच्यांनी रुग्णाचे वजन दर आठवड्याला लिहून ठेवावे, ते उतरत असल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे आणि साखरेच्या भीतीने ताटातली भाकरी काढून घेऊ नये.