शिदोरी सुटली तेव्हां

कोल्हापुरास उतरलेला मराठी प्रवासी आज पहिली चौकशी करतो ती मिसळ कोठें चांगली मिळते याची. नागपुरास तो तर्रीचे पोहे मागतो, इंदुरास पोहे आणि जिलबी, गोव्यांत पातळ भाजी आणि पाव. परगांवची न्याहरी चाखून पाहणें हा त्याच्या प्रवासाचा एक हेतूच होऊन बसला आहे, आणि यांत कांहीं विशेष आहे असें त्याच्या मनांतही येत नाहीं. परंतु याच गृहस्थाच्या खापरपणजोबांना परगांवीं अनोळखी हातचा घास घ्या असें कोणीं सुचविलें असतें, तर त्यांनीं कानांवर हात ठेवले असते. परकी चव त्यांना वर्ज्य होती असें नव्हे. मिरची आणि बटाटा हे दोन्ही परदेशचे पाहुणे मराठी स्वयंपाकघरांत सुखानें नांदूं लागलेच होते. वर्ज्य होता तो परका हात, आणि शेजारीं मांडलेलें परकें पान. तो हात आणि तें पान मराठी माणसानें कसकसें पत्करलें, याचा इतिहास मोठ्या लढायांच्या इतिहासाइतकाच वळणावळणाचा आहे.

जुन्या काळीं प्रवास म्हटला कीं शिदोरी आलीच. तहानलाडू आणि भूकलाडू हे शब्द आतां मुलांच्या गोष्टींत उरले आहेत. पण त्यांच्यामागें घरोघरच्या बायकांचें मोठें शास्त्र होतें. शेतकरी भाकरी, कांदा आणि ठेचा फडक्यांत बांधून वाटेला लागे. सोंवळ्या घरांत दशम्या होत. दशमीचें पीठ पाण्यांत न भिजवितां दुधांत भिजवितात. त्यामुळें ती टिकते हें एक. आणि पाण्यांत शिजलेल्या अन्नाला जो विटाळ लागतो तो तिला तितकासा लागत नाहीं, हें दुसरें. लाह्या, फुटाणे, भाजलेलें पीठ, गुळपापडीचे लाडू, गूळ-खोबरें, या सगळ्या यादींतून पाणी कसें कटाक्षानें दूर ठेवलेलें आहे तें पाहण्यासारखें आहे. बाजारांतलें म्हणून जें कांहीं सोंवळ्या माणसाला चाले, तेंही भडभुंज्याचे फुटाणे किंवा हलवायाची तुपांतली मिठाई एवढेंच.

शिदोरी संपली कीं शिधा. धर्मशाळेंत उतरावें, वाण्याकडून डाळ-तांदूळ आणावे, तीन दगडांची चूल मांडावी आणि आपल्या हातानें शिजवून खावें. अहिल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. त्यांमुळें यात्रेकरूला छप्पर मिळालें, पण चूल बहुधा ज्याची त्यानेंच पेटवावयाची. अन्नछत्रांत आयतें पान मिळे. मात्र तेंही ठराविक जातीच्या आचाऱ्यानें शिजविलेलें आणि ठराविक पंक्तीलाच वाढलेलें. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत ही वार्ता ऐकून १८५७ सालीं उत्तरेस निघाले, ते नेमके बंडाच्या वणव्यांत सांपडले आणि झांशीचा वेढा त्यांनीं शहराच्या आंतून पाहिला. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचतांना ध्यानांत येतें कीं, त्या काळच्या प्रवाशाला तलवारीच्या भयाइतकाच दोन वेळच्या पोटाचा घोर असे.

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो कोणा सुधारकानें नव्हे, आगगाडीनें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गाडी सुटली; १८६३ मध्यें बोरघाटांतून लोहमार्ग गेला आणि पुणें-मुंबईचें अंतर दिवसांवरून तासांवर आलें. गाडीच्या डब्यांत चूल मांडतां येत नाहीं. शिवाय शेजारीं कोण बसेल हें तिकीट ठरवितें, पंचांग ठरवीत नाहीं. कित्येक कर्मठ गृहस्थ उतरेपर्यंत निराहार राहत. रेल्वेनें तोड काढली ती अशी कीं, स्टेशनावर पाणी पाजणारे निराळे ठेवले. ‘हिंदु पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ या आरोळ्या फलाटांवर स्वातंत्र्य जवळ येईपर्यंत ऐकूं येत होत्या. साहेबांचीं उपाहारगृहें निराळीं, हिंदूंचीं निराळीं, मुसलमानांचीं निराळीं. एकाच एंजिनानें ओढलेल्या लोकांना तीन ठिकाणीं खाऊं घालण्याचा हा खटाटोप त्या वेळीं कोणालाही हास्यास्पद वाटला नाहीं.

शहरांत घरीं बसलेल्यांची स्थिति याहून फार निराळी नव्हती. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्यास पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील नामवंत मंडळी जमली. व्याख्यान झालें आणि चहा-बिस्किटें पुढें आलीं. कांहींनीं चहा घेतला, कांहींनीं पेला नुसता हातांत धरला, कांहींनीं तोही धरला नाहीं. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं, मूळ खटपट ज्यांची होती त्यांनींच, हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत फोडलीं. आणि पुण्यांत जें ग्रामण्य माजलें तें पुढें दोन वर्षें शमलें नाहीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें; न्यायमूर्ति रानड्यांनींही अखेर १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें, आणि त्यामुळें सुधारकांतील कित्येकांचीं मनें त्यांच्याविषयीं दुखावलीं. घरच्या बाजूनें या प्रकरणाचा ताप किती झाला तें रमाबाई रानड्यांच्या आठवणींत आलें आहे. चहाच्या एका पेल्यानें एवढे मोठे लोक हलले, यावरून त्या पेल्यांत चहाशिवाय काय काय होतें तें समजावें.

मुंबईंत मात्र पोटानें वादविवादाची वाट पाहिली नाहीं. गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या यांसाठीं कोंकण-घाटावरून आलेल्या एकट्या पुरुषांना जेवण हवें होतें. त्यांच्यासाठीं खाणावळी निघाल्या. बहुतेक आपापल्या जातीच्या, आपापल्या गांवच्या. येथें खाणारा ओळखीचा आणि रांधणारीही ओळखीची, तेव्हां जुना नियम मोडला असें म्हणतां येत नाहीं. तो मोडला इराण्याच्या दुकानांत. इराणांतून आलेल्या या मंडळींनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या नाक्यानाक्यांवर चहाचीं दुकानें थाटलीं. कोपऱ्यावरचा गाळा हिंदु व्यापाऱ्यांना अशुभ वाटे म्हणून तो यांच्या वाट्यास आला असें सांगतात. धोबीतलावावरील १९०४ सालच्या कयानीसारखीं कांहीं दुकानें आजही चालूं आहेत. पुष्कळशीं बंद झालीं. संगमरवरी फळ्यांचीं टेबलें, गोल पाठीच्या लांकडी खुर्च्या, ब्रुन-मस्का आणि दुधाळ चहा. पण यांहून महत्त्वाची गोष्ट भिंतीवरच्या आरशांत दिसे. चार खुर्च्यांच्या टेबलाशीं चार अनोळखी माणसें पाठोपाठ येऊन बसत, आणि कोणीं कोणाला नांव-गांव विचारीत नसे. पंक्ति मोडली ती येथें, फारशी चर्चा न होतां.

ज्यांना इराण्याची पायरी चढवत नव्हती त्यांच्यासाठीं मधला मार्ग निघाला. दादर स्टेशनाजवळ मामा काण्यांचें उपाहारगृह १९१० मध्यें निघालें आणि त्यानें आपल्या नांवांत ‘स्वच्छ’ हा शब्द घातला. हा शब्द मोठा चतुर आहे. ‘सोंवळें’ म्हणावें तर धंदा चालत नाहीं, आणि कांहींच न म्हणावें तर गिऱ्हाईक आंत येत नाहीं. ‘स्वच्छ’ या शब्दांत डॉक्टरही खूष आणि आजीबाईही खूष. पुढें उडुपीकडील मंडळी आलीं; रामा नायकांनीं १९४२ मध्यें माटुंग्यास आपलें उपाहारगृह काढलें. उडुपीच्या कृष्णमठाच्या परिसरांतून आलेली पाकविद्या ही त्या स्वयंपाकघरांची पत होती. ज्या मठाच्या जेवणांत पंक्तिभेद कसोशीनें पाळला जाई, त्याच परंपरेंतले आचारी मुंबईंत वाटेल त्याच्या शेजारीं वाटेल त्याचें पान मांडूं लागले. शेजारीं कोण बसला आहे हें विचारणें सुटलें. आंत कोण शिजवितो हें विचारणें मात्र बराच काळ सुटलें नाहीं. ‘ब्राह्मणाचें हॉटेल’ अशा पाट्या गांवोगांव होत्या, त्या याच प्रश्नाचें उत्तर म्हणून.

येथपर्यंतची हकीकत खावें कीं न खावें हें स्वतः ठरवूं शकणाऱ्यांची झाली. ज्यांना दारांतच अडविलें जाई त्यांचा इतिहास निराळा आहे, आणि तो सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुटींत साताऱ्याहून कांहीं मुलें गोरेगांवीं नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघालीं. त्यांतला दहा वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. मुलें नव्या कपड्यांत मसूर स्टेशनावर उतरलीं. न्यावयास कोणी आलें नव्हतें. जात कळतांच स्टेशनमास्तर पांच पावलें मागें सरला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. अखेर मुलांनींच बैल हांकावे आणि गाडीवानानें पायीं चालावें या अटीवर एकजण निघाला. मुलांजवळ जेवणाचा डबा भरलेला होता. पण वाटेंत जें पाणी मिळालें तें शेणामुतानें गढूळ झालेलें, आणि रात्रीं टोलनाक्यावर मुसलमान असल्याची बतावणी करूनही कोणीं घोटभर पाणी दिलें नाहीं. डबा तसाच ठेवून तीं पोरें उपाशी झोंपलीं. बाबासाहेबांनीं ही हकीकत पुढें इंग्रजींत लिहून ठेवली. ती १९९० मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. शिदोरी पाठीशीं असली कीं प्रवासी निर्धास्त, हा जो घरोघरचा समज, तो कोणाकोणापुरता खरा होता तें त्या एका रात्रीवरून दिसतें.

१९२३ मध्यें सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत ठराव आणला कीं, सरकारी पैशानें बांधलेल्या व चालविलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्या. ठराव संमत झाला. कागदावरून विहिरीपर्यंत पोंचावयास त्याला किती वेळ लागला हें १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्यानें दाखविलें.

कोल्हापुरास शाहूमहाराजांची रीत निराळी. गंगाराम कांबळे नांवाच्या सेवकानें मराठ्यांच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला बेदम मार बसला होता. महाराजांनीं त्याला भर रस्त्यावर चहाचें दुकान काढण्यास साह्य केलें. दुकानाचें नांव ‘सत्यसुधारक’. गिऱ्हाईक अर्थातच येईना. मग महाराजच गाडींतून फिरावयास निघत, दुकानापुढें गाडी थांबवीत, मोठ्यानें चहा मागवून स्वतः घेत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यावयास लावीत. महाराजांनीं पेला तोंडाला लावल्यावर नको म्हणण्याची छाती कोणाची? पंचहौदांतला चहा आणि हा चहा यांत उणींपुरीं तीस वर्षें गेलीं होतीं. एकानें शास्त्रार्थ पेटविला. दुसऱ्यानें एका माणसाचा धंदा उभा केला. यांत दुसरा चहा अधिक कडक म्हणावा लागतो.

२६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या १५ व्या कलमानें दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणास मज्जाव करतां येत नाहीं. १९५५ च्या कायद्यानें अस्पृश्यता पाळणें शिक्षेस पात्र ठरलें. तरीही खेड्यांतील चहाच्या दुकानांत दलितांसाठीं निराळा कप वळचणीला टांगलेला असे, आणि १९७२ मध्यें बाबा आढावांना ‘एक गांव एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली.

आतां पावाची गोष्ट. हा शब्दच पोर्तुगिजांचा. गोव्यांत पाव भाजणारे पोदेर ख्रिस्ती, आणि पीठ फुगवावयास ताडामाडाची सूर. तेव्हां पाव तोंडांत घालणें म्हणजे धर्म सोडण्यासारखेंच होतें. विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या कथा त्या किनाऱ्यावर सर्वांनाच ठाऊक आहेत. त्या पावाचें पुढें काय झालें? मुंबईच्या गिरणगांवांत तो वड्याभोंवतीं बसला, आणि मटकीच्या रश्श्याशेजारीं अशा थाटानें बसला कीं, पावावांचून मिसळ ही कल्पनाच मराठी माणसाला करवत नाहीं. पुण्यांत तिच्याबरोबर लादीपाव द्यावा कीं स्लाइस द्यावा यावर तासन्‌तास वाद होतात. बाटण्याचा मुद्दा त्यांत कोणाच्या स्वप्नांतही येत नाहीं.

घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा एंजिनें जोडावीं लागत. तेवढ्या वेळांत खिडक्या-दारांपाशीं गरम वड्यांचीं ताटें येत, आणि याच कारणानें कर्जतचा वडा मुंबई-पुण्याच्या चार-पांच पिढ्यांच्या तोंडीं बसला. वडा कागदांत गुंडाळून आंत येई, पैसे बाहेर जात. विचारलें जाई तें एवढेंच, कीं चटणी तिखट आहे का. आणि तेंही उत्तर येण्यापूर्वीं गाडी हलत असे.