बैल, गाय आणि तुलनेचे घर

पशुवैद्यकीय संशोधनात तुलना कशी करावी याचा गाजलेला धडा फ्रान्समधल्या पुयी-ल-फोर गावाने १८८१ साली दिला. लुई पाश्चरने २४ मेंढ्या आणि एका शेळीला काळपुळीची लस टोचली. तेवढ्याच जनावरांना मुद्दाम टोचली नाही. ३१ मे रोजी दोन्ही गटांना रोगाचे जंतू टोचले. २ जूनला लस न मिळालेल्या मेंढ्या मेलेल्या किंवा मरणाच्या दारात होत्या, लस मिळालेल्या चरत होत्या.

यवतमाळचा प्रश्न असा सुटणारा नव्हता. शेतकऱ्याच्या आत्महत्येची कारणे प्रयोग करून शोधता येत नाहीत. घटना घडून गेल्यावर मागे वळूनच पाहावे लागते. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांनी राज्य शासनासाठी केलेल्या आणि जानेवारी २००६ मध्ये सादर झालेल्या अभ्यासात नेमके हेच केले. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली १११ घरे घेतली आणि सोबत आत्महत्या न झालेली १०६ घरेही घेतली. या दुसऱ्या गटाचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. १११ घरांपैकी ८६.५ टक्के कर्जात होती, हा आकडा ऐकून कुणीही कर्जाला दोषी धरेल. पण शेजारचे घरही कर्जात असेल तर? दोन्ही गट समोर ठेवल्यावर दिसले ते असे : आत्महत्या झालेल्या घरांवर थकीत कर्ज जास्त होते आणि त्यांच्याकडे बैल कमी होते.

बैलाची ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. बैल नाही म्हणजे पेरणीला जोडी भाड्याने आणायची, पावसाची वेळ साधली तर साधली. मात्र कर्जापायी बैल विकला की बैल गेला म्हणून कर्ज वाढले, हे अशा अभ्यासातून सुटत नाही. ही या पद्धतीची मर्यादा. त्यासाठी तीच घरे पुढे काही वर्षे पाहत राहावी लागतात.

तशी संधी त्याच वर्षी आली होती. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकऱ्यांना निम्म्या अनुदानावर दुभत्या गायी देण्याचाही भाग होता. बैलाची उणीव दिसली आणि गाय आली! संकरित गायीला हिरवा चारा, ढेप, भरपूर पाणी लागते. ज्वारी हटून सोयाबीन आल्याने कडबा आधीच आटलेला, आणि दूध घालायला डेअरी दूर. वर्ध्याकडची गवळाऊ गाय दूध कमी देते, पण तिचा गोऱ्हा औताला चालतो.

यादीतल्या सर्वांना गायी एकाच दिवशी मिळणे शक्य नव्हतेच. आधी कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवता आले असते. काहींना संकरित, काहींना गवळाऊ देता आली असती. पुढची तीन वर्षे गाय किती वेळा व्याली, चाऱ्यावर किती गेले, गाय दावणीला राहिली की बाजारात गेली, एवढे टिपले असते तरी पुरे होते. कुणाचा हक्क त्यात बुडत नव्हता, फक्त क्रम ठरत होता.

दवाखान्याच्या रजिस्टरावरून हे आज काढता येणार नाही. तिथे आणलेले जनावर तेवढे दिसते. विकलेले, मेलेले किंवा दवाखान्यापर्यंत न पोचलेले दिसत नाही. पशुगणनेत गावची जनावरे मोजली जातात, पण पॅकेजची गाय कोणती, हे त्या आकड्यांत कुठेच वेगळे उमटत नाही.