मोशेने स्वतःच्या मृत्यूची हकिकत कशी लिहिली?

१/ बायबलच्या आरंभीच्या पाच ग्रंथांचा कर्ता मोशे, ही ज्यू व ख्रिस्ती परंपरेची शतकानुशतकांची धारणा. मात्र त्यांतील पाचव्या, 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात खुद्द मोशेचाच मृत्यू, त्याचे दफन आणि लोकांनी तीस दिवस पाळलेला शोक यांचे वर्णन येते. मग हे लिहिले कोणी? या एका प्रश्नातून ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अभ्यासाची पद्धत कशी बदलली, त्यासाठी कोणी काय गमावले आणि तीच शिस्त पुण्यापर्यंत कशी येऊन पोहोचली, याचा हा धागा.

२/ परंपरेला ही अडचण दिसत नव्हती असे मुळीच नाही. तालमूदमध्ये एक मत नोंदलेले आहे की, शेवटच्या आठ ओव्या मोशेचा उत्तराधिकारी यहोशवा याने लिहिल्या. मध्ययुगीन युरोपातही शंका विचारणे निषिद्ध नव्हते. पॅरिसच्या पीटर अ‍ॅबेलार्डने बाराव्या शतकात १५८ प्रश्न घेतले आणि प्रत्येकाखाली चर्चच्या पूज्य आचार्यांची परस्परविरोधी वचने मांडून ठेवली. परंतु त्या वादविवादाचा हेतू सिद्धान्तांची सुसंगती लावणे हा होता. 'हे वचन कोणत्या काळी, कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले?' हा प्रश्न अद्याप केंद्रस्थानी आला नव्हता.

३/ तो आणला मानवतावादी भाषापंडितांनी. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने पश्चिमेकडील सत्ता पोपला दान दिली, असे सांगणारे एक दानपत्र होते. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्लाने त्याची भाषा तपासली. चौथ्या शतकातील रोमन दरबाराच्या लॅटिनमध्ये न शोभणारे शब्द त्याला तेथे आढळले. उदाहरणार्थ, रोमन अधिकाऱ्यांसाठी 'सत्रप' ही पदवी! दस्तऐवज उत्तरकालीन आणि बनावट ठरला. साक्षीदार खोटे बोलला, पण त्याच्या शब्दकोशाने त्याला पकडून दिले.

४/ १५१६ मध्ये इरास्मसने बाझेल येथे ग्रीक नवा करार छापला. योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख करणारे एक वाक्य त्याने गाळले, कारण त्याच्या हाती असलेल्या ग्रीक हस्तलिखितांत ते नव्हते. मोठे वादळ उठले. पुढे ते वाक्य असलेले एक ग्रीक हस्तलिखित पुढे आले आणि १५२२ च्या आवृत्तीत इरास्मसने ते समाविष्ट केले. ते हस्तलिखित सोळाव्या शतकातलेच होते, असे आज अभ्यासक मानतात. पाठचिकित्सेचा पहिला धडा येथे मिळतो : साक्षीदार 'आहे' एवढे पुरत नाही, तो केव्हाचा आहे हेही पाहावे लागते.

५/ आता पुन्हा मोशेकडे. १६७० मध्ये स्पिनोझाने निनावी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उघडपणे मांडले की, पंचग्रंथ मोशेने लिहिलेला नाही. ग्रंथाची भाषा, कर्ता, काळ, श्रोते आणि त्याच्या जतनाचा इतिहास तपासूनच अर्थ ठरवावा, असा त्याचा आग्रह होता. त्या पुस्तकावर पुढे बंदी आली.

६/ यानंतरचे पाऊल मात्र मोशेचा बचाव करू पाहणाऱ्या माणसाने टाकले. जाँ आस्त्र्युक हा फ्रान्सच्या राजाचा वैद्य. त्याच्या लक्षात आले की, 'उत्पत्ती' या ग्रंथात काही भागांत देवाला 'एलोहीम' म्हटले आहे, तर काही भागांत 'यहोवा'. त्याने मजकूर त्यानुसार वेगवेगळ्या स्तंभांत मांडून पाहिला. १७५३ मध्ये त्याने निनावीच सुचवले की, मोशेने आपल्यापूर्वीची लिखित साधने वापरली असावीत. मोशेचे कर्तृत्व त्याला वाचवायचे होते. पुढच्या पिढ्यांनी त्याची युक्ती ठेवली आणि निष्कर्ष सोडला.

७/ ही युक्ती कशी चालते, ते नोहाच्या जलप्रलयाच्या कथेत पाहा. सहाव्या अध्यायात देव सांगतो की, प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी तारवात घे. सातव्यात आज्ञा येते की, शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या घे. एके ठिकाणी पूर चाळीस दिवसांचा, तर दुसरीकडे पाण्याचा जोर १५० दिवसांचा. देवाची नावेही बदलत राहतात. या खुणांनुसार ओव्या वेगळ्या केल्या, तर जवळजवळ दोन सलग कथा हाती लागतात. कोणा संपादकाने दोन्ही जपल्या आणि एकत्र विणल्या. विसंगती येथे दोष राहत नाही. तीच पुरावा बनते.

८/ परंतु भाविकाला या साऱ्याचे काय करायचे? १७८७ मध्ये आल्टडॉर्फ विद्यापीठातील व्याख्यानात योहान फिलिप गाब्लरने एक भेद मांडला. बायबलच्या लेखकांना त्यांच्या काळी काय म्हणायचे होते, हा एक प्रश्न. त्यावरून आज चर्चने काय शिकवावे, हा दुसरा प्रश्न. पहिला इतिहासाचा, दुसरा सिद्धान्ताचा. दोन्ही विचारावेत, पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या खिशातून काढू नये. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या आधुनिक अध्ययनाचा पाया पुष्कळ अंशी या भेदावर उभा आहे.

९/ १८१० मध्ये बर्लिन विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा मुळात धर्मशास्त्राला विद्यापीठात स्थान असावे का, हाच वाद होता. श्लायरमाखरने १८११ मध्ये त्याचे तीन विभाग आखून दिले : तात्त्विक, ऐतिहासिक आणि व्यावहारिक. वैद्यकाचे ध्येय जसे आरोग्य, तसे या शास्त्राचे ध्येय चर्चचे नेतृत्व. पण त्याच्या मधल्या भागाला इतिहासाचे नियम लागू होणार होते. ताण येथेच साठत गेला.

१०/ १८३५ मध्ये त्याचा स्फोट झाला. ट्युबिंगेनचा २७ वर्षांचा अध्यापक डाव्हिड फ्रीडरिख श्ट्राउस याने 'येशूचे चरित्र' लिहिले. त्या काळी चमत्कारांविषयी दोन पक्ष होते. एक म्हणे, ते अक्षरशः घडले. दुसरा बुद्धिवादी पक्ष म्हणे, त्यांना नैसर्गिक कारण होते. येशू पाण्यावर नव्हे, तर धुक्यात किनाऱ्याने चालत होता. श्ट्राउसने दोघांनाही नाकारले. या कथा म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने जुन्या कराराच्या प्रतिमांतून घडवलेली श्रद्धेची पुराणभाषा होय, असे त्याने मांडले.

११/ त्याची ट्युबिंगेनची नोकरी गेली. १८३९ मध्ये झुरिकच्या उदारमतवादी सरकारने त्याला प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा प्रजेत असा क्षोभ उसळला की, पहिले व्याख्यान देण्यापूर्वीच त्याला निवृत्तिवेतन देऊन मोकळे करावे लागले. तरीही असंतोष शमला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात ग्रामीण भागातून लोक शहरावर चालून आले, रक्त सांडले आणि सरकार कोसळले. एका प्राध्यापकाच्या नेमणुकीच्या वादातून सत्तांतर घडल्याचे उदाहरण इतिहासात विरळाच.

१२/ युलियुस वेलहाउझेनची गोष्ट अधिक शांत आणि म्हणूनच अधिक चटका लावणारी आहे. १८७८ च्या ग्रंथात त्याने पंचग्रंथाच्या चार आधारसाधनांचा कालक्रम प्रभावीपणे मांडला. पुरोहितांचे सविस्तर विधिनियम सर्वांत उत्तरकालीन, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याला कोणी काढले नाही. १८८२ मध्ये त्याने स्वतःच ग्राइफ्सवाल्डचे धर्मशास्त्राचे प्राध्यापकपद सोडले. आपले काम विद्यार्थ्यांना चर्चच्या सेवेसाठी तयार करण्याचे आहे, आणि आपले अध्यापन त्यांना त्या सेवेसाठी अपात्रच करते, अशा आशयाचे कारण त्याने मंत्र्यांना कळवले. मग हाले येथे कमी दर्जाच्या पदावर तो सेमिटिक भाषा शिकवू लागला. गाब्लरने कागदावर वेगळे केलेले दोन प्रश्न एका माणसाच्या पोटापाण्याच्या आड आले होते.

१३/ स्कॉटलंडमध्ये विल्यम रॉबर्टसन स्मिथ फ्री चर्चच्या अ‍ॅबर्डीन येथील महाविद्यालयात शिकवत असे. १८७५ मध्ये त्याने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी 'बायबल' हा लेख लिहिला. पाखंडाचा आरोप झाला, खटला वर्षानुवर्षे चालला आणि १८८१ मध्ये त्याला पदावरून दूर करण्यात आले. तो पुढे केंब्रिजमध्ये अरबीचा प्राध्यापक झाला. लक्षात घ्या, स्मिथ स्वतःला शेवटपर्यंत श्रद्धावान ख्रिस्तीच मानत होता.

१४/ रोमन कॅथलिक चर्चमध्ये संघर्ष दीर्घकाळ चालला. १९०८ मध्ये आल्फ्रेद ल्वाझी बहिष्कृत झाला. १९१० पासून धर्मगुरूंना व अध्यापकांना आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यावी लागे. १९४३ मध्ये मात्र पोप बाराव्या पायसने मूळ भाषा आणि प्राचीन लेखनप्रकार यांच्या अभ्यासाला प्रोत्साहन दिले. १९६७ मध्ये ती शपथही रद्द झाली.

१५/ म्हणजे चिकित्सक नेहमी बरोबर आणि चर्च नेहमी चूक? नाही. वेलहाउझेनच्या मांडणीत नियमशास्त्राकडे झुकलेला उत्तरकालीन ज्यू धर्म ऱ्हासाचे लक्षण भासतो. ज्यू विद्वान सॉलोमन शेख्टरने १९०३ मध्ये या चिकित्सेतील ज्यूद्वेषावर जाहीरपणे बोट ठेवले. १९०६ मध्ये आल्बर्ट श्वाइट्झरने दाखवून दिले की, 'ऐतिहासिक येशू' शोधणाऱ्या प्रत्येक पिढीला त्याच्यात आपलेच आदर्श सापडले होते. १९७० च्या दशकापासून चार साधनांचा सिद्धान्तही जोरदार वादात सापडला. पद्धतीचे श्रेष्ठत्व एवढेच की, तिच्या चुका तिच्याच हत्यारांनी उघड होतात.

१६/ आता पुण्याकडे. कार्ल लाखमान या जर्मन पंडिताने १८३१ मध्ये नव्या कराराची संहिता केवळ प्राचीन हस्तलिखितांच्या आधारे संपादित केली. प्रेषितांनी लिहिलेला मूळ शब्द गाठल्याचा दावा त्याने केला नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रचलित असलेला पाठ मिळवणे, एवढेच त्याचे उद्दिष्ट होते. सामायिक चुकांवरून हस्तलिखितांची वंशावळ लावण्याच्या पद्धतीशी त्याचे नाव आज जोडले जाते.

१७/ रा. गो. भांडारकरांनी १८८८ मध्ये मुंबईत चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक पद्धतीवर गाजलेले व्याख्यान दिले. त्यांच्या नावाच्या पुण्यातील संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले. बर्लिनला शिकून आलेले वि. सी. सुकथनकर १९२५ मध्ये त्याचे प्रधान संपादक झाले. महाभारताच्या पोथ्यांची सरमिसळ इतकी की, युरोपीय वंशावळीची पद्धत जशीच्या तशी लागू पडेना. त्यांनी ती आपल्या साधनांनुसार वळवली. त्यांनीही व्यासांचा मूळ शब्द सापडल्याचा दावा केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जेवढे मागे जाता येईल, तेवढेच ते गेले. काम १९६६ मध्ये पूर्ण झाले, ते पाहण्यास सुकथनकर नव्हते.

१८/ म्हणून पुढच्या वेळी एखादी बखर, पुराणकथा वा संतचरित्र हाती आले, तर 'खरे की खोटे?' या प्रश्नाआधी हे तीन प्रश्न विचारून पाहा. हा मजकूर कोणत्या साधनांतून विणला आहे? तो कोणत्या काळातील, कोणत्या श्रोत्यांसाठी आहे? आणि मी त्याच्याकडून आजचे उत्तर वदवून घेत आहे काय? ज्यांनी हे प्रश्न आपल्याच पवित्र ग्रंथाला विचारले, त्यांच्यापैकी अनेकांनी पदे गमावली, पण पुष्कळांनी श्रद्धा सोडली नाही. आपल्याला निदान बखरीला तरी ते विचारता यावेत.

(धागा समाप्त)